ख्रिस्ती विवाहातील वचन : ते कशावर टिकते?

ख्रिस्ती विवाहात वधू-वर एकमेकांना वचन देतात, तेव्हा त्यात चांगल्या दिवसांबरोबर गरिबी आणि आजारपणाचाही उल्लेख असतो. काहीही झाले तरी मरेपर्यंत साथ द्यायची, असा त्याचा अर्थ. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ मधील प्रार्थनापुस्तकात हे वचन जवळपास आजच्याच रूपात आहे. त्यात भावनेपेक्षा वागण्याची हमी मोठी आहे.

हे वचन मोडता येते का?

कॅथलिक पंथात विवाह हा सात संस्कारांपैकी एक आहे. त्यामुळे न्यायालयाने घटस्फोट दिला, तरी चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही. मूळ विवाहच वैध नव्हता, असा चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय त्यासाठी लागतो. बहुतेक प्रोटेस्टंट चर्च काही परिस्थितींत घटस्फोट मान्य करतात.

मात्र निष्ठा म्हणजे छळ सोसणे नव्हे. जोडीदारापासून धोका असेल, तर कॅथलिक नियमांनुसारही वेगळे राहता येते. भारतात १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये बदल झाला. तेव्हापासून ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरूनही घटस्फोट मागता येतो.

धर्मच वेगळा झाला तर?

जोडीदार ख्रिस्ती नसला, पण सोबत राहायला तयार असला, तर त्याला सोडू नये, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

दोघांचे लग्न हिंदू पद्धतीने, लक्ष्मीबाईंच्या बालपणीच झाले होते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडले, तर सहा महिन्यांनंतर विवाह रद्द करून मागण्याची सोय १८६६ च्या कायद्यात होती. टिळकांचा विवाह मात्र टिकला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. पुढे त्यांचे स्वतःचे विचार बदलले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. लग्नानंतर पतीकडूनच लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.