पटावरचे पापपुण्य

बंगळुरातील मल्लेश्वरम या वस्तीला ज्या देवामुळे नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. इ.स. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. आजची वस्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखली गेली आणि १८९८ च्या प्लेगनंतर ती वेगाने वाढली. कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मराठी घरे येथे शेजारी शेजारी नांदली. दक्षिणेत वैकुंठ एकादशीच्या जागरणात ‘परमपदसोपान’ नावाचा पट खेळण्याची रीत आहे. महाराष्ट्रात त्याच कुळातील पटाला मोक्षपट म्हणतात. पुढे त्याचीच सापशिडी झाली.

याच बंगळुरात आज तरुण मुलेमुली एका मेजाभोवती बसून निराळाच खेळ खेळताना आढळतात. प्रत्येकजण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राचे बळ, बुद्धी, शस्त्रे यांची नोंद एका कागदावर असते, आणि तेथेच त्याचा नैतिक कलही लिहिलेला असतो. इंग्रजीत त्याला ‘अलाइनमेंट’ असा शब्द आहे. मोक्षपट आणि हा भूमिकांचा खेळ यांच्यात काही शतकांचे आणि दोन संस्कृतींचे अंतर आहे. तरीही दोहोंपुढे एकच प्रश्न उभा राहिला: खेळात पापपुण्याचा हिशेब ठेवायचा, तर तो ठेवणार कोण?

मोक्षपटाचे कर्तृत्व मराठी परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. या श्रद्धेला तत्कालीन लेखी आधार दाखविता येत नाही. हाती असलेले बहुतेक पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. मात्र हा खेळ भारतभर पसरलेला होता, यात शंका नाही. जैनांच्या पटात चौऱ्याऐंशी घरे आढळतात, वैष्णवांच्या पटात बहात्तर किंवा एकशे चोवीस, तर सूफी परंपरेच्या पटात एकशे एक. पेशवाई बुडाल्यावर पुण्याची कलेक्टरी सांभाळलेल्या हेन्री डंडास रॉबर्टसन याने असाच एक एकशे चोवीस घरांचा पट १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला भेट दिला. तो तेथे ‘शास्त्र्यांचा स्वर्गनरकाचा खेळ’ म्हणून ओळखला गेला.

बहात्तर घरांचा वैष्णव पट नीट न्याहाळला, तर त्यामागचा विचार ध्यानी येतो. पहिले घर जन्माचे. त्याच तळच्या ओळीत माया, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर ही घरे येतात. वर तप, दया, भक्ती यांच्या शिड्या आहेत. चोपन्नावे घर भक्तीचे. तेथे पोचलेला खेळाडू थेट अडुसष्टाव्या घरी, वैकुंठाला जातो. आणि त्याला लागूनच पंचावन्नावे घर आहे अहंकाराचे, जेथला साप खेळाडूला पटाच्या तळाशी आणून सोडतो. भक्ती आणि अहंकार यांच्यात एका दानाचे अंतर! कीर्तनकाराने तासभर निरूपण करावे, ते येथे दोन घरांच्या शेजारात सांगितले आहे. वैकुंठ ओलांडून पुढे सरकणाऱ्याची गतही पाहण्याजोगी आहे. सत्त्व, रज या घरांवरून तो शेवटच्या, बहात्तराव्या तमाच्या घरात येतो आणि सापाच्या तोंडातून पुन्हा पृथ्वीवर उतरतो.

या पटावर सोंगटीला स्वतःचा स्वभाव नसतो. ती लोभी नसते की दयाळू नसते. ती लोभाच्या घरात असते किंवा दयेच्या. हिशेब माणसाचा नसून अवस्थेचा आहे, आणि तो पटावर आधीच लिहिलेला आहे. कवड्या पडतात, सोंगटी चालते. कोणी कोणाचा न्याय करीत नाही. या निःपक्षपातीपणाची किंमतही आहे. अहंकाराच्या घरात येणाऱ्याने अहंकार केलेला नसतो. दयेच्या शिडीने चढणाऱ्याने कोणावर दया केलेली नसते. पट धर्म शिकवितो, पण धर्माने वागण्याची संधी देत नाही.

हा खेळ इंग्लंडला पोचला तो १८९० च्या दशकात. तेथे काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशा व्हिक्टोरियन सद्गुणांच्या शिड्या आल्या. जुन्या पटांवर सापच अधिक असत, कारण मोक्षाची वाट अवघड मानली होती. इंग्रजी पटांवर साप आणि शिड्या यांची संख्या बरोबरीत आणली गेली. हळूहळू घरांची नावे पुसली गेली, आकडे तेवढे उरले.

निवडीचे स्वातंत्र्य खेळात आले ते अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पात्रांचे तीन कल होते: सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतील संघर्षाचा हा वारसा. व्यवस्था पाळणारा सज्जनच असतो काय, हा प्रश्न लवकरच पुढे आला. १९७६ मध्ये गायगॅक्सने एका लेखात सुव्यवस्था-अनागोंदी आणि सुष्ट-दुष्ट असे दोन अक्ष मांडले, आणि १९७८ च्या नियमग्रंथात त्यांतून नऊ कल सिद्ध झाले. कायदा पाळणारा दुर्जन आणि कायदा मोडणारा सज्जन, दोघांनाही जागा मिळाली.

१९७९ मध्ये खेळाच्या सूत्रधारासाठी जो ग्रंथ निघाला, त्यात हिशेबाची रीतही सांगितली होती. सूत्रधाराने प्रत्येक पात्राची कृत्ये पाहून आलेखावर त्याचे सरकणे टिपावे. कल बदलल्याचे ठरले, तर पात्राने कमावलेली एक पायरी काढून घ्यावी. मराठी वाचकाला येथे धर्मराजाचा रथ आठवेल. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा तो रथ अश्वत्थाम्याविषयीच्या अर्धसत्यासरशी भुईला टेकला. पण महाभारतात रथ आपोआप उतरतो. मेजाभोवती तो कोणीतरी उतरवावा लागतो. सूत्रधार हा चित्रगुप्त झाला खरा, पण तो बरोबरीचा मित्रच. शरण आलेल्या शत्रूला मारणे हा अधर्म की सावधगिरी? खेळाडू म्हणणार, माझ्या पात्राला ते योग्यच वाटले. सूत्रधार म्हणणार, तुझी पायरी गेली. अशा वादांना अंत नसतो. पुढच्या आवृत्त्यांनी हा अधिकार क्रमाने सैल केला. २००८ मध्ये नवांचे पाच कल झाले. २०१४ मध्ये नऊ परतले, पण शिक्षेवाचून, पात्राच्या वर्णनापुरते.

या दोन इतिहासांकडे एकत्र पाहिले, तर एक देवघेव स्पष्ट होते. न्याय निःपक्षपाती हवा, तर निवड सोडावी लागते. मोक्षपटाने ती सोडली. निवड हवी, तर चुकू शकणारा न्यायाधीश पत्करावा लागतो. भूमिकांच्या खेळाने तो पत्करला, आणि मग त्याच्या हातची लेखणी काढून घेतली. दोन्ही एकाच वेळी देणारा खेळ अजून कोणाला रचता आलेला नाही. समाजालाही ते साधले आहे, असे म्हणता येत नाही. माणसांच्या वर्तनाला गुण देणाऱ्या आजच्या यंत्रणा निःपक्षपातीपणाचा दावा करतात. पण त्यांचे कोष्टकही कोणीतरी माणसानेच मांडलेले असते, आणि त्याच्याशी वाद घालायला तो मेजापाशी बसलेला नसतो.

एका बाबतीत मात्र मोक्षपटाचा कर्ता आणि १९७९ चा नियमकार यांचे एकमत दिसते. सापाने गिळलेली सोंगटी पटाबाहेर जात नाही, आणि पायरी गमावलेले पात्रही कागदावरून पुसले जात नाही. दोघांनाही पुढच्या खेपेला दान टाकण्याचा हक्क राहतो.