शिंदे हें आडनांव व नागचिन्ह

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या राजचिन्हांत नाग आहे. बागलकोट व येलबुर्गा प्रांतींचे मध्ययुगीन सिंद राजे स्वतःस नागवंशी म्हणवीत. एवढ्यावरून दोन्ही कुळें एकच, असें प्रतिपादन केलें जातें. तें कोठवर टिकतें, हें पाहूं.

प्रथम शब्द घेऊं. 'सिंद' पासून 'शिंदे' होणें नियमास धरून आहे. मराठींत इ-ईपूर्वीचा दंत्य सकार तालव्य होतो: सिंदूर–शेंदूर, सीवन–शिवण, सिध्यति–शिजणें. अंत्य एकार आदरार्थी बहुवचनाचा मानतां येतो. परंतु शिंदीच्या झाडावरून अथवा शिंदे नांवाच्या गांवावरूनही हें आडनांव तितक्याच सहज निघतें. व्याकरण वाट मोकळी करतें. साक्ष देत नाहीं.

आतां चिन्ह. भैरणमट्टीच्या शिलालेखांत सिंदांचा मूळपुरुष अहिच्छत्रीं नागराजापासून जन्मला व वाघाच्या सान्निध्यांत वाढला, अशी कथा आहे. म्हणून त्या कुळाच्या ध्वजावर नाग असला, तरी लांछन व्याघ्राचें. बस्तरचे छिंदक नागही नागवंशी आणि व्याघ्रलांछनच. ग्वाल्हेरीस मुख्य खूण नागाची. ध्वज व लांछन यांतील हा भेद सहसा लक्षांत घेतला जात नाहीं.

शिवाय ढालीवर रेखाटलेली कुलचिन्हें ही आमची जुनी रीत नव्हे. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारांत लॉर्ड लिटननें संस्थानिकांस रेशमी निशाणें दिलीं. त्यांवरील चिन्हांची योजना रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्यानें केली. अशा चित्रावरून बाराव्या शतकाचा वंश सिद्ध होत नाहीं. निजलेल्या मुलावर नागानें फणा धरल्याची कथा तर माल्कमनें मल्हारराव होळकरांविषयीं दिली आहे, आणि बौद्धांच्या मुचलिंद नागाच्या कथेंत तिचें जुनें रूप दिसतें. फिरती कथा कोणा एका कुळाचा पुरावा होऊं शकत नाहीं.

बाराव्या शतकांतील सिंद आणि कण्हेरखेडचे राणोजी शिंदे (मृत्यु १७४५) यांमध्यें पांच शतकांहून अधिक अंतर आहे. तें सांधावयाचें तर महजर, वतनपत्रें व मोर्तबेंच पाहिजेत. संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील अशा कागदांतून आडनांवाचें लेखन, कुळाचें देवक व शिक्क्यावरील आकृति, या तीन गोष्टी तारखेसह टिपून ठेवाव्या. तोंपर्यंत हा संबंध संभवनीय म्हणावा, सिद्ध म्हणूं नये. राणोजींची कीर्ति माळव्यांतील पराक्रमावर उभी आहे. तिला नागराजाच्या आधाराची गरज नाहीं.