जॉबरपासून कोचपर्यंत

बडनेऱ्याच्या फलाटावर 'कोच' हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आपला कोच कुठे लागेल हे हमालाला विचारायचे आणि पिशव्या घेऊन तिथे उभे राहायचे. तिथून अमरावती जवळच. तिथे १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर कोच म्हणजे खेळ शिकवणारे गुरुजी. आता एक तिसरा कोच आला आहे. तो कंपनीतल्या माणसाशी तासभर बसून बोलतो. हुकूम देत नाही, तयार उत्तरही देत नाही. प्रश्न विचारतो आणि ऐकतो. या कामाचे आता पदव्युत्तर शिक्षण मिळते. सिडनी विद्यापीठात अँथनी ग्रँट यांनी २००० साली त्यासाठी मानसशास्त्राचा स्वतंत्र कक्ष सुरू केला.

गंमत अशी, की डब्याचा कोच आणि शिकवणारा कोच हा शब्द एकच. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथल्या घोडागाड्या नामांकित होत्या, म्हणून गाडीला गावाचे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिक्षकाला थट्टेने कोच म्हणू लागले. गाडीसारखा तोही मुक्कामाला पोचवतो ना!

पण कामाच्या जागी माणसाला वाट दाखवणारा माणूस आपल्याकडे काही आज आलेला नाही. वऱ्हाडात कापसाबरोबर रेल्वे आली. १८६७ साली ती नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. मिल सांभाळायला त्यांनी निवडले बेझनजी मेहता यांना. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतुकीतले, कापड गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. ते कामातून शिकले आणि त्यांनी मिल नावारूपाला आणली. माणूस कामावर घडतो, हा विश्वास त्या निवडीत होता. पुढे आमच्या बडनेऱ्यातही गिरणीचा भोंगा वाजू लागला.

मात्र साच्यावर उभ्या राहणाऱ्या साध्या कामगाराला कोण शिकवायचे? जॉबर. मुंबईच्या गिरण्यांत नवख्याला कामावर लावणारा, काम शिकवणारा आणि चुकला तर घालवणारा तोच. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे. जॉबर पुष्कळदा गावाकडचा, ओळखीचा. तो अडीअडचणीला उभा राही आणि नोकरीसाठी दस्तुरीही घेई. एकाच हातात शिकवण आणि पोटाची दोरी! मग शिकणारा आपली अडचण मोकळेपणाने सांगणार तरी कशी?

हे दुखणे १९३१ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने अहवालात मांडले. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढा आणि गिरण्यांत मजूर अधिकारी नेमा, असे त्याने सुचवले. पण असे अधिकारी घडवायचे कुठे? १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा उघडली. ती पदवीधरांसाठी होती. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. कामगार कल्याण आणि औद्योगिक संबंध हे विषय तिथे पदव्युत्तर अभ्यासाचे झाले.

योगायोग पाहा. त्याच १९३६ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात एक नवे काम सुरू झाले. कामगारांमध्ये फिरणारे समुपदेशक नेमले गेले. त्यांनी फक्त ऐकायचे. त्यांना कोणावर अधिकार नव्हता, आणि ऐकलेले साहेबाच्या कानावर घालायचे नाही, हा नियम होता. वीस वर्षे हे काम चालले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली. पगार मालकाचा, काम कामगाराच्या भल्याचे. म्हणजे पेच राहिलाच. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाला १९६९ साली सांगावे लागले, की या अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने कामगारांच्या तंट्यांत उतरवू नये. सकाळी ज्याने 'घरी कसे आहे?' विचारले, तोच दुपारी नोटीस घेऊन आला, तर कोण त्याच्याजवळ मन उघडील?

आजच्या कोचिंगची भाषा वेगळी आहे. टिमथी गॉलवे या टेनिस शिकवणाऱ्याने १९७४ साली पुस्तक लिहून सांगितले, की खेळाडूचा खरा सामना मनातल्या प्रतिस्पर्ध्याशी असतो. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ च्या पुस्तकातून हा विचार कचेऱ्यांमध्ये नेला. पण या विषयाच्या विद्यार्थ्यापुढचा अवघड प्रश्न मात्र जॉबरच्याच काळातला आहे. पैसे कंपनी देते, मन माणूस उघडतो. मग ऐकलेले कोणाचे? म्हणून काय गुप्त राहील आणि काय कंपनीला कळेल, हे तिघांनी आधीच ठरवून घ्यावे, असे आता शिकवले जाते.

कवितेच्या दुनियेत उस्ताद शागिर्दाच्या शेरावर इस्लाह करतो, म्हणजे दुरुस्ती. साधा उस्ताद शब्द बदलून देतो. मोठा उस्ताद आधी विचारतो, 'तुला म्हणायचे काय होते?' शागिर्द निर्भयपणे उत्तर देतो, कारण त्याची भाकरी उस्तादाच्या हातात नसते.

बडनेऱ्याच्या मिलचा भोंगा आता वाजत नाही. नागपूरची एम्प्रेसही गेली, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. पण अमरावतीजवळ नांदगाव पेठेला नवे कापड कारखाने आले, तिथे नवी पोरे पाळ्यांवर जातात. कोच मात्र अजून बहुधा वरच्या मजल्यावरच्या साहेबालाच मिळतो. हा अभ्यास शिकून येणाऱ्यांनी जिना उतरून खाली यावे. 'तुझी अडचण काय?' हा प्रश्न साच्यापाशी उभ्या असलेल्या पोरालाही कोणीतरी विचारावा, आणि खरे उत्तर दिले म्हणून त्याची पाळी जाऊ नये. १९३१ साली सुरू झालेले काम तेव्हा पुरे होईल.