लो आइल्सचा अपुरा हिशेब

प्रवाळाच्या पोषणाविषयी दीडशे वर्षे वाद चालला आहे. त्यात सर्वांत भक्कम प्रयोग करणारा शास्त्रज्ञच सर्वांत ठामपणे चुकला, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास लिहिले जाते. हा शास्त्रज्ञ म्हणजे मॉरिस यंग. जुलै १९२८ ते जुलै १९२९ या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेली. २८ वर्षांचे यंग तिचे प्रमुख होते. मुक्काम क्वीन्सलंडमधल्या पोर्ट डग्लससमोरील लो आइल्सवर होता. तिथे दीपगृह असलेले वाळूचे एक बेट, शेजारी खारफुटीचे दुसरे आणि ओहोटीला उघडा पडणारा प्रवाळखडक एवढेच आहे. तिथून यंग निष्कर्ष घेऊन आले तो असा: प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, त्याच्या पेशींत राहणारे तपकिरी शैवाल त्याला पोसत नाही, फक्त त्याची घाण उचलते. पुढच्या चाळीस वर्षांत हा निष्कर्ष मोडीत निघाला. तो खोडला गेला हे खरे, पण का चुकला याचे जे उत्तर दिले जाते ते मला पुरेसे वाटत नाही. यंग यांनी पाहिले ते बहुतेक बरोबरच होते. त्यांनी ‘जगला की मेला’ हीच कसोटी लावली आणि प्राण्याच्या अंगात साठलेल्या शिलकीकडे, म्हणजे चरबीकडे, पाहिलेच नाही. ही शिलकीची बाजू मांडली की यंग आणि त्यांचे विरोधक यांचे पुरावे एकमेकांशी भांडत नाहीत.

वाद यंग यांच्या आधीचा. काही सागरी जीवांच्या अंगात दिसणाऱ्या पिवळ्या पेशी यजमान मेल्यावरही जिवंत राहतात, हे सिएन्कोव्स्की यांनी १८७१ मध्ये दाखवले. म्हणजे त्या पेशी प्राण्याच्या नव्हेत, स्वतंत्र जीव आहेत. कार्ल ब्रांट यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांना झूझँथेला हे नाव दिले आणि शैवाल यजमानाला अन्न पुरवते असे ठासून सांगितले. स्टॅन्ली गार्डिनर १८९९ मध्ये आपल्या लक्षद्वीपातल्या मिनिकॉयवर आणि पुढे मालदीवमध्ये प्रवाळ तपासत होते. त्यांचाही कल याच बाजूला होता. डच प्राणिशास्त्रज्ञ बोश्मा तर १९२० च्या दशकात म्हणू लागले की प्रवाळ आपल्या शैवालाला चक्क पचवतो. उलट फ्लोरिडाजवळच्या टॉर्टुगास बेटांवर वॉन यांना दिसले की प्रवाळ प्राणिज अन्न तेवढे उचलतो आणि वनस्पतिजन्य कण झटकून टाकतो. लो आइल्सवर उतरताना यंग यांच्यापुढे असे दोन तट होते आणि त्यांना मतांपेक्षा मोजमाप हवे होते.

त्यांनी मोजलेही कसून. प्रवाळाच्या पाचकरसांत प्रथिने आणि मेद फोडण्याची ताकद भरपूर आढळली. पिष्टमय पदार्थांपैकी मात्र प्राण्यांतल्या ग्लायकोजेनपलीकडे फारसे काही पचत नव्हते. मग त्यांनी आणि ऑब्री निकोल्स यांनी प्रकाशबंद पेट्या करवून घेतल्या, त्यांत प्रवाळ ठेवून वर पाणी खेळते राहील अशी सोय केली. अंधारातल्या प्रवाळांनी शैवाल बाहेर टाकले, ते पांढरे पडले, पण जिवंत राहिले. उजेडात पण उपाशी ठेवलेले प्रवाळ मात्र अंगात शैवाल असूनही खंगत गेले, आणि त्यांनीही शैवाल पचवण्याऐवजी हाकलूनच दिले. पाणी तापवले तरी तेच. बरणीतल्या पाण्यातला फॉस्फेट शैवालयुक्त प्रवाळ शोषून घेत, शैवाल नसलेले प्रवाळ तो वाढवत. एवढ्या पुराव्यावर यंग यांनी शैवालाला प्रवाळाचे उत्सर्जनाचे इंद्रिय म्हटले. त्यांच्या जागी कोणीही सावध माणूस याच निष्कर्षाला आला असता.

तरीही एक आकडा त्यांच्याच वहीत अडकून पडला होता. उजेडात शैवाल प्रवाळाच्या श्वसनाला लागेल त्याहून अधिक ऑक्सिजन सोडते, हे त्यांनी स्वतः मोजून १९३२ च्या अहवालात दिले. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुबलकच असतो, तेव्हा हा जादा वायू प्रवाळाच्या फारसा कामाचा नाही, असे म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. पण जिथे ऑक्सिजन सुटतो तिथे त्याच प्रमाणात कार्बनही बांधला जातो. तो कार्बन जातो कुठे? शैवालाची संख्या त्या वेगाने वाढत नव्हती. साखर पाण्यात मिसळून गेल्याचेही कोणी पाहिले नव्हते. हा प्रश्न विचारायला किरणोत्सर्गी कार्बन लागत नव्हता, फक्त कागदावरची बेरीज लागत होती. यंग यांच्या संपूर्ण कामात मला एवढी एकच खरी चूक दिसते.

उत्तराचा एक धागा १९४१ मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आला, पण त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नाही. लेस्टर आणि बर्गमन यांना प्रवाळात सेटिल पाल्मिटेट सापडले. स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाचा मुख्य घटक तोच. काडीइतक्या पॉलिपच्या (म्हणजे प्रवाळातल्या एकेका प्राण्याच्या) अंगात मेण कशाला? पुढे हिशेब लागला तो असा की मेण आणि चरबी हीच प्रवाळाची कणगी. त्याच्या कोरड्या ऊतींच्या वजनात मेदाचा वाटा साधारण १० ते ४० टक्के भरतो. माल येतो कुठून, हे कार्बन-१४ ने दाखवले. मस्कॅटिन आणि हँड यांनी १९५८ मध्ये समुद्रफुलात (म्हणजे सी ॲनिमोनमध्ये) शैवालाने बांधलेला कार्बन यजमानाच्या ऊतींत उतरताना पाहिला. १९६९ मध्ये मस्कॅटिन आणि चेर्निकियारी यांना तोच प्रवास पोसिलोपोरा या प्रवाळात दिसला. शैवाल ग्लिसरॉल, ग्लुकोज असे पदार्थ बाहेर सोडते आणि यजमान त्यातून आपली चरबी घडवतो. १९७७ मध्ये पॅटन, अब्राहम आणि बेन्सन यांनी त्यात आणखी एक वळण जोडले: प्राण्याच्या चयापचयातून उरलेला ॲसिटेटही शैवालाकडे जातो आणि प्रकाशाच्या ऊर्जेवर मेद होऊन परत येतो. हे बेन्सन म्हणजे प्रकाशसंश्लेषणातल्या कार्बनचक्राला ज्यांचे नाव जोडले जाते तेच. त्यांना प्रवाळाचे वेड लागावे यात नवल नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. शैवाल एवढे देते तर यंग यांचे उजेडातले उपाशी प्रवाळ खंगले का? कारण शैवाल देते ते बहुतांशी कार्बनच. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस जेमतेम. त्यावर श्वास चालतो, चरबी साठते, चिकट श्लेष्मा स्रवतो. नवे मांस मात्र घडत नाही. त्यासाठी प्लवकच हवा, आणि डंखपेशींनी भरलेले बाहू त्याच कामाचे. दुसरा आक्षेप अधिक कठीण: अंधारात शैवालाविना प्रवाळ जगले, मग ते शैवालावर अवलंबून कसे? इथेच शिलकीचा मुद्दा येतो. ते शिकारीवर आणि आधीच्या साठ्यावर तगले असणार. किती साठा घटला, हे कोणी तोललेच नाही; त्यामुळे जिवंत राहणे आणि धडधाकट असणे यांत फरक करायला जागा उरली नाही. तांबड्या समुद्रातल्या स्टायलोफोरा या प्रवाळावरच्या १९८४ च्या अभ्यासात हा फरक आकड्यांत उतरला. लख्ख उजेडातल्या वसाहतींना शैवालाकडून श्वसनाच्या गरजेहून जास्त कार्बन मिळत होता. सावलीतल्यांना निम्म्याहून थोडाच अधिक. एकाच जातीचा प्रवाळ एका कपारीत शिलकीत असतो तर दुसरीकडे तुटीत. मग ‘प्रवाळ प्राणिभक्षक की वनस्पतिपोषित’ या प्रश्नाला एकच उत्तर शोधणारे दोन्ही तट एकाच जागी चुकत होते.

पाणी तापून प्रवाळ पांढरे पडू लागल्यावर या जुन्या वादाला नवे काम मिळाले. हवाईमध्ये ग्रोटोली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की पांढरा पडलेला माँटिपोरा कॅपिटाटा शिकार वाढवून रोजची सारी ऊर्जागरज भागवू शकतो आणि त्याचा साठा लवकर भरून येतो; शेजारच्या पोराइट्सला ते जमत नाही आणि तो महिनोन्महिने साठा खात राहतो. लो आइल्सवरच्या काळोख्या पेट्यांत यंग यांनी बहुधा यातली पहिली शक्यता पाहिली होती. बोश्मा यांचेही तसेच झाले: प्रवाळ आपल्या जादा शैवालपेशी पचवून त्यांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस घेतो, हे २०२३ मध्ये नेचर नियतकालिकात पुराव्यानिशी आले. यंग यांनी त्याच पेशींना ‘बाहेर टाकायला निघालेल्या मृत पेशी’ म्हणून निकालात काढले होते.

आज उष्णता सोसणारे शैवाल प्रवाळात रुजवावे, असा आग्रह धरला जातो. तो मूर्खपणाचा नाही, कारण अशा प्रवाळांचा रंग खरोखरच उशिरा उडतो. पण त्यांचे यश जगण्यावरच मोजले जात असेल तर आपण १९२९ चीच कसोटी पुन्हा वापरत आहोत. ऑस्ट्रेलियातल्या ॲक्रोपोरा मिलेपोरावर जोन्स आणि बर्कलमन्स यांनी २०११ मध्ये शिलकीचीही तपासणी केली. उष्णतासहिष्णू ‘डी’ प्रकारचे शैवाल बाळगणाऱ्या प्रवाळांत चरबीचा साठा कमी भरला आणि त्यांची अंडीही लहान निघाली.