निद्राविकार आणि कायद्याची दृष्टी

शेजारती करून देवास निजविणारे व काकडआरतीने त्यास जागविणारे आम्ही, कामावर डोळा लागलेल्या माणसास मात्र कुंभकर्ण म्हणून हिणवितो! वस्तुतः १८८० मध्येच फ्रान्समधील डॉक्टर झेलिनो यांनी दिवसा अनावर झोप आणणाऱ्या व्याधीस ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले होते. दोष स्वभावाचा नव्हे, रोगाचा, हे वैद्यकाने ओळखले. कायद्यास ते ओळखण्यास फार काळ लागला.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या संरक्षणाचा कायदा झाला. मालकावर अवाजवी बोजा पडत नसेल, तर कामाच्या वेळा बदलणे, मध्ये थोडी विश्रांती देणे, अशा वाजवी सवलती त्यामुळे मागता येऊ लागल्या. परंतु उपायांनंतर उरणारी अडचणच विचारात घ्यावी, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. म्हणजे जो औषध घेऊन नेटाने कामावर उभा राही, त्याच्यावरच संरक्षणास मुकण्याची पाळी आली! २००८ च्या दुरुस्तीने हा विपर्यास दूर केला आणि जीवनाच्या प्रमुख व्यवहारांत ‘झोप’ हा शब्दही स्पष्टपणे घातला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सवलतीचे तत्त्वही आले. मात्र त्यात दिलेल्या २१ प्रकारांत निद्राविकाराचे स्वतंत्र नाव नाही. तेव्हा पेंगणाऱ्या सहकाऱ्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्यास डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच वाचकांस आमचे सांगणे आहे.