ऊन, आश्रमशाळा आणि ‘ड’ जीवनसत्त्व

खेळाडूच्या हाडांना आणि स्नायूंना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व अन्नातून फारसे मिळत नाही. ते मुख्यतः उन्हाने कातडीतच तयार होते. महाराष्ट्रात याचा पुरावा फार लवकर पुढे आला. हचिसन आणि शाह या संशोधकांनी नाशिककडची पाहणी 1922 मध्ये प्रसिद्ध केली. पडद्यात राहणाऱ्या सधन घरांत ‘ड’च्या अभावाने हाडे मऊ करणारा मुडदूस होता. निकृष्ट जेवणावर, पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो क्वचितच दिसला. त्याच वर्षी अमेरिकेत संशोधक मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला. पुढे जर्मनी आणि सोव्हिएत संघात खेळाडूंना अतिनील दिव्यांखाली बसवण्याचे प्रयोग झाले.

याउलट चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात (26 ऑगस्ट 1982 रोजी यातूनच गडचिरोली जिल्हा वेगळा झाला) जगणेच उघड्यावरचे होते. मोहफुले वेचणे, धानाची रोवणी, गुरे राखणे, यांत पोरेही असत. तरीही ऊन भरपूर म्हणून जीवनसत्त्व भरपूर, हे गृहीत धरणे चुकीचे आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तेंदूपाने तोडायला माणसे पहाटे रानात शिरतात, ऊन चढेपर्यंत परततात आणि सत्तर-सत्तर पानांची पुडकी सावलीत बसून बांधतात. उपयोगाची किरणे मात्र सूर्य वर आल्यावरच जमिनीवर पुरेशी पोहोचतात. शिवाय सावळ्या कातडीतले रंगद्रव्य त्यातली बरीच अडवते, म्हणून अशा माणसाला उन्हात अधिक वेळ राहावे लागते.

निवासी शाळा आल्या तसा मुलांचा दिवसही बदलला. याच पट्ट्यातल्या हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, 1976 मध्ये तिथली शाळा. सरकारी आश्रमशाळाही गावोगाव उभ्या राहिल्या. दुपार वर्गात जाऊ लागली, पण याच शाळांनी मुलांना मैदान दिले. त्याचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ‘मिशन शौर्य’ ही एव्हरेस्ट मोहीम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी त्यासाठी निवडले गेले आणि मे 2018 मध्ये त्यांपैकी पाच जण एव्हरेस्टच्या 8,848 मीटर उंचीवर पोहोचले. ज्या मुलांच्या घरी पर्वतारोहणाची कोणतीच परंपरा नव्हती, त्यांनी हे केले. राज्याच्या क्रीडा इतिहासात त्याला मानाचे पान मिळायला हवे. एवढ्या उंचीवर अतिनील किरणे तीव्र असतात, पण गिर्यारोहकाचे अंग झाकलेले असते. म्हणून अशा मोहिमेआधीच शरीरात ‘ड’चा साठा असावा लागतो.

‘ड’च्या गोळीचा प्रश्न इथे येतो. कमतरता असलेल्या खेळाडूला पूरक मात्रेचा उपयोग होतो. पातळी पुरेशी असेल तर जास्त गोळ्यांनी वेग किंवा ताकद वाढल्याचा ठोस पुरावा नाही. अतिरेक झाला तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. त्यामुळे रक्ततपासणी आधी, मात्रा नंतर, हाच क्रम योग्य. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये रोजची शिफारस 600 युनिट ठरवली. एका अंड्याच्या पिवळ्या बलकातून त्यातली सुमारे 40 युनिट मिळतात. मासे अधिक देतात, आणि वैनगंगा, इंद्रावतीकाठच्या गावांत ते मूळचेच अन्न आहे. दूध आणि खाद्यतेलात ‘अ’ व ‘ड’ मिसळण्याची मानके 2018 मध्ये आली. पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ‘ब-12’ असते. ‘ड’ त्यात नसते.