कुत्र्याने कोय, हाड, सुतळी गिळली तर? लक्षणं ओळखा, घरचे प्रयोग टाळा

मळ्यावरचं राखणीचं कुत्रं दोन दिवस ओकतंय, भाकरी हुंगून बाजूला होतंय, कोपरा धरून पडतंय. अशा वेळी 'काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल, गवत खाऊन बरं होईल' असं म्हणून आपण सोडून देतो. बऱ्याचदा ते बरं होतंही. पण आतड्यात एखादी वस्तू अडकली असेल तर वाट बघण्यात जनावर हातचं जातं. म्हणून पशुपालकांनी खालील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

काय गिळलं जातं?

उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि मक्याच्या दिवसात दाणे काढलेलं कणीस या दोन वस्तू आतड्यात हमखास अडकतात, कारण त्या पचत नाहीत. लग्न किंवा जत्रेनंतर उकिरड्यावर पडलेली मटण-चिकनची हाडं तशीच धोक्याची. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि चावताना त्याच्या टोकदार चिपळ्या निघतात. याशिवाय सुतळी, नायलॉनची दोरी, सुई-दोरा, मासे धरायचा गळ, मोजे, रबरी चेंडू, रिमोटचे सेल, उरलेलं अन्न बांधून टाकलेली प्लास्टिकची पिशवी. पिल्लं दात येताना दिसेल ते चघळतात, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा.

आत काय होतं?

लहान गुळगुळीत वस्तू एक-दोन दिवसांत शेणावाटे बाहेर पडू शकते. मोठी वस्तू कधी पोटात आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि मग एक दिवस पुढे सरकून आतडं बंद करते. अडकलेल्या जागी रक्तपुरवठा कमी होतो, आतडं सडतं, फुटतं. आतली घाण पोटभर पसरली की वाचवणं फार अवघड.

दोऱ्याचं आणखी वेगळं. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. पायजम्याची नाडी ओढल्यावर नेफा गोळा होतो, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतो.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- वारंवार ओकारी, पाणी प्यायलं तरी बाहेर
- खाणं बंद, सुस्ती
- पोटाला हात लावू न देणं, पोट फुगणं
- पुढचे पाय खाली, मागचा भाग वर अशी ताणून उभं राहण्याची पद्धत
- जोर करूनही शी न होणं, किंवा रक्त पडणं
- लाळ गळणं, पंजाने तोंड खाजवणं

कुत्र्याने वस्तू गिळताना तुम्ही पाहिलं असेल तर लक्षणं येईपर्यंत वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकारी करवू शकतात. नंतर वस्तू पुढे सरकते.

हे करू नका

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची पद्धत गावोगाव आहे, ती जीवघेणी आहे. रक्तात मीठ वाढून कुत्र्याला झटके येतात. हाडाची चिपळी, गळ, सुई किंवा सेल गिळला असेल तर ओकारी करवूच नये, वर येताना ते दुसऱ्यांदा इजा करतात. तेल-तूप जबरदस्तीने ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका. आत आतडं चिरतं. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका.

तोंडात हात घालण्याआधी

ही सगळ्यात महत्त्वाची बाब. लाळ गळतेय, गिळता येत नाही, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय. हे बघून 'घशात हाड अडकलंय' असं वाटतं आणि माणूस हात घालतो. पण हीच लक्षणं पिसाळलेल्या कुत्र्याचीही असतात. रेबीज लाळेतून पसरतो. बोटावर साधा ओरखडा असला तरी धोका असतो. कुत्र्याला लस दिलेली नसेल किंवा ते मोकाट असेल तर हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा.

लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, तिथे ती मोफत मिळते. माणसात रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर मग उपाय उरत नाही.

डॉक्टरांकडे नेताना

काय गिळलं, किती वाजता, किती वेळा ओकलं हे सांगा. त्याच वस्तूचा उरलेला तुकडा असेल तर सोबत न्या. वाटेत खायला घालू नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. एक्स-रेत धातू आणि हाड दिसतं. कापड, प्लास्टिक, कोय नीट दिसेलच असं नाही, तेव्हा सोनोग्राफी लागते. अडकलेली वस्तू शस्त्रक्रियेने काढतात. आतडं सडायच्या आत ती झाली तर बहुतेक कुत्री वाचतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून डॉक्टर आणि एक्स-रेची सोय विचारा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत.

आपल्या हातात काय?

कोयी आणि कणसं उघड्यावर न फेकता खड्ड्यात पुरा. हाडं झाकणाच्या डब्यात ठेवा. शिळं अन्न पिशवीत बांधून टाकू नका, मोकळं टाका. हाच उकिरडा गाई-म्हशीही चिवडतात. त्यांनी गिळलेली तार किंवा खिळा पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून थेट हृदयाला टोचतो. कुत्र्यासाठी केलेली सफाई गोठ्यातली दुभती गायही वाचवते.